जुन्या पिकअपचा हायवेवरचा घुमारा: या चुका टाळा

जुनी पिकअप घेतलेल्या माणसाचा प्रश्न ठरलेला असतो: "हायवेला लागलं की केबिनमध्ये नुसतं घूं घूं होतं, कुठला सायलेन्सर लावू?" मी उलट विचारतो, "किती आरपीएमला?" (आरपीएम म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्या.) उत्तर येतं, "ते नाही बघितलं, पण स्पीड शंभरच्या आसपास असेल." मग मी विचारतो, गाडी थंड असताना होतं का, चढावर वाढतं का, काच खाली केली की काय होतं. तोवर समोरचा कंटाळलेला असतो. त्याला एका सायलेन्सरचं नाव हवं असतं, म्हणजे आज ऑर्डर टाकून रविवारी लावता येईल.

हा लेख त्या रविवारवाल्यांसाठी.

आधी थोडं गणित, कारण त्याशिवाय पुढचं काही कळणार नाही. गाडीचा आवाज मोठा असणं वेगळं आणि घुमणं वेगळं. ओव्हरटेक करताना व्ही-८ (व्ही आकारात आठ सिलिंडरचं इंजिन) गरजते ते सगळ्यांनाच आवडतं. डोकं उठवतो तो एकसुरी, खालच्या पट्टीतला आवाज. तो कानापेक्षा छातीत जास्त जाणवतो आणि ठरावीक आरपीएमला येऊन तिथेच ठाण मांडतो. फोर-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडर क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, दोन फेऱ्यांत एकदा पेटतो, म्हणजे व्ही-८ चे एका फेरीला चार ठोके. आरपीएमला १५ ने भागलं की सूर हर्ट्झमध्ये मिळतो. सरळ सहा सिलिंडर असेल तर २० ने भागा, चार असतील तर ३० ने. व्ही-८ २००० आरपीएमवर फिरत असेल तर सूर साधारण १३३ हर्ट्झ.

आता केबिन बघा. जुन्या सिंगल केबिनची आतली रुंदी सुमारे दीड मीटर. एवढ्या अंतरात आवाजाची अर्धी लाट बसते ती ११४ हर्ट्झला, आणि व्ही-८ हा सूर १७०० च्या जरा वर काढते. हा हिशोब रिकाम्या, टणक भिंतींच्या खोक्याचा आहे. खऱ्या केबिनमध्ये सीट, माणसं, वाकडेतिकडे कोपरे असतात, त्यामुळे आकडा पुढेमागे सरकतो, पण पट्टा तोच राहतो. शिवाय या लाटेचा दाब भिंतीपाशी सर्वांत जास्त असतो आणि मध्यभागी सर्वांत कमी. ड्रायव्हर बसतो दाराला चिकटून. म्हणून मधल्या सीटवरचा माणूस पुष्कळदा म्हणतो, "एवढं काही नाहीये," आणि ड्रायव्हर त्याच्याकडे रागाने बघतो. दोघंही खरं बोलत असतात.

आवाज एक्झॉस्टचाच आहे असं गृहीत धरणं

घुमणारी प्रत्येक गोष्ट एक्झॉस्ट नसते. उदाहरण घ्या. २८ इंची टायर, मागच्या एक्सलचा रेशो ३.७३ (चाकाच्या एका फेरीला शाफ्टच्या ३.७३ फेऱ्या), ताशी १०५ किमी वेग. प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सपासून मागच्या एक्सलपर्यंतचा फिरता दांडा, मिनिटाला सुमारे २९२० फेऱ्या मारतो, म्हणजे सेकंदाला जवळजवळ ४९. शाफ्टच्या टोकांच्या वळत्या सांध्यांचे, म्हणजे युनिव्हर्सल जॉइंटचे, कोन चुकलेले असतील तर शाफ्टच्या प्रत्येक फेरीला दोन झटके बसतात. झाले ९७ हर्ट्झ. एक्झॉस्टच्या घुमाऱ्याच्या अगदी शेजारी! गाडी खाली बसवलेली असेल, म्हणजे मागचे पाटे बदललेले असतील किंवा एक्सलखाली ठोकळे घातलेले असतील, तर मी सायलेन्सरकडे बघण्याआधी शाफ्टचा कोन मोजतो. जाड खाचांचे टायरही सपाट रस्त्यावर असाच सूर धरतात.

ओळखायची रीत सोपी आहे. ज्या वेगाला घुमतं त्याच वेगाला एक गिअर खाली घ्या. वेग तोच, आरपीएम वेगळे. आवाज गेला किंवा त्याचा सूर बदलला तर तो इंजिनाच्या बाजूचा. जसाच्या तसा राहिला तर तो टायर, शाफ्ट किंवा डिफ्रन्शियलचा, आणि बाकीचा लेख तुमच्या कामाचा नाही. मग मूळ गिअरमध्ये परत येऊन पाय अलगद उचला. आरपीएम तेवढेच असताना आवाज पडला, तर तो इंजिनावरच्या ताणाशी जोडलेला आहे. एक्झॉस्टचा घुमारा बहुधा असाच वागतो.

गाडी जागेवर उभी करून, न्यूट्रलमध्ये रेस देऊन "इथे तर घुमत नाही" म्हणणारे लोक मला दर वेळी भेटतात. ताणच नसताना इंजिन कशाला घुमेल? थ्रॉटल (इंजिनात हवा सोडणारी झडप) जेमतेम उघडलेला असतो, ठोक्यात जोर नसतो. ही परीक्षा रस्त्यावरच होते.

मोजायचं असेल तर शेजारी बसलेल्या माणसाच्या हातात फोन द्या आणि आवाजाचा स्पेक्ट्रम दाखवणारं अ‍ॅप चालू करा. ड्रायव्हरने फोनला हात लावायचा नाही. डेसिबलचा आकडा बघत बसू नका, सुळका कुठे उभा राहतो ते बघा. डेसिबलच हवे असतील तर मीटर सी-वेटिंगवर ठेवा, ते खालचे सूर जवळजवळ कापत नाही. ए-वेटिंग १२५ हर्ट्झला तब्बल १६ डेसिबल कापून दाखवतं, म्हणजे नेमका ज्याचा त्रास तोच आवाज लपवतं. "मीटर म्हणतंय काही फरक पडला नाही" असं सांगणाऱ्यांपैकी अर्ध्यांचं मीटर ए-वर असतं.

दोन वेगवेगळे पाइप आहेत आणि मध्ये जोड नाही, असं असेल तर वरचं १५ चं गणित एकटं पुरत नाही. अशा व्ही-८ मध्ये प्रत्येक पाइपाला निम्मेच ठोके मिळतात, तेही असमान अंतराने. त्यामुळे १५ ऐवजी ३० ने भागून येणारा, निम्म्या पट्टीचा सूरही डोकं वर काढतो. म्हणून आधी मोजा. गणित पडताळणीसाठी ठेवा.

सायलेन्सरवर सायलेन्सर बदलत राहणं

माझ्या सगळ्यात नावडत्या चुकीकडे येतो.

एक गृहस्थ सत्तरच्या दशकातली फोर्ड एफ-१०० घेऊन आले होते. गाडी देखणी, रंग मूळचा, इंजिन व्यवस्थित बांधलेलं. घुमाऱ्यापायी त्यांनी एकामागून एक तीन सायलेन्सर बदलले होते. आधी कप्प्यांचा होता. तो घुमतो म्हणून काचेच्या लोकरीचा सरळ नळीवाला लावला. तो आणखीच घुमायला लागला म्हणून मोठा, अंड्याच्या आकाराचा टर्बो सायलेन्सर लावला. (टर्बो हे नाव ऐकून काही जणांना वाटतं की हा शर्यतीच्या गाड्यांचा असणार. ते नाव पडलं १९६० च्या दशकातल्या टर्बोचार्ज्ड शेव्हर्ले कॉर्व्हेअरच्या सायलेन्सरवरून. वाहतो मोकळा, आवाज बऱ्यापैकी खातो. आहे चांगली वस्तू.) तिसऱ्यानंतर आवाज एकंदरीत कमी झाला, घुमारा मात्र जागच्या जागी. आता चौथा कुठला घ्यावा, हे विचारायला ते आले होते.

बोलता बोलता ते सहज म्हणाले, "निघाल्यावर सुरुवातीला ठीक असते हो, नंतर सुरू होतं." बस्स. हे वाक्य कोणीही बोललं की माझे कान टवकारतात. इंजिनाचे ठोके पहिल्या मिनिटाला आणि विसाव्या मिनिटाला सारखेच असतात. बदलतं ते तापमान.

लोखंडी पाइप तापला की लांब होतो. मीटरमागे दर अंशाला १२ मायक्रॉन. ऐकायला काहीच नाही. पण पाइप ३ मीटरचा आणि तापमान ३०० अंशांनी वाढलेलं असेल तर ही वाढ ११ मिलिमीटरच्या घरात जाते. स्टेनलेस ३०४ असेल तर १५-१६. पाइपाचं पुढचं टोक इंजिनाला बांधलेलं, त्यामुळे सगळी वाढ मागे सरकते. त्यांच्या गाडीत पाइप एक्सलवरून उडी मारून खाली येत होता, त्या वळणामागे हौद्याची आडवी पट्टी होती. थंड गाडीत दोघांमध्ये पेन्सिल जाईल एवढी फट. बसवणाऱ्याने बघितली असेल आणि समाधानाने मान डोलावली असेल.

गाडी लिफ्टवर घेतली आणि टॉर्च मारला. हौद्याची ती पट्टी पूर्ण तांबूस गंजलेली होती. फक्त एका जागी, अंगठ्याच्या नखाएवढा ठिपका आरशासारखा चकाकत होता. समोर पाइपावरही तसाच ठिपका. कित्येक महिने दोघं एकमेकांना घासून पॉलिश करत होते. पाइप तापला की पट्टीला टेकायचा, इंजिनाचा प्रत्येक ठोका लोखंडातून थेट हौद्यात, हौद्यातून चासीत आणि चासीतून केबिनच्या पत्र्यात. हवेतून येणारा आवाज थांबवायला त्यांनी तीन सायलेन्सर लावले. हा आवाज सायलेन्सरमधून जातच नव्हता.

क्लँप सैल केले, मागचा तुकडा थोडा फिरवून पुढे ओढला, एक हँगर, म्हणजे पाइप टांगायची पट्टी, सरकवला. थंड असताना सगळीकडे किमान २० मिलिमीटर मोकळं राहील असं बघितलं. नवा भाग एकही लागला नाही. घुमारा पूर्ण गेला असं मी म्हणणार नाही. २००० च्या जवळ थोडा राहिला. पण गृहस्थ गाणी ऐकत घरी गेले.

तेव्हापासून माझा नेम असा. घुमाऱ्याची तक्रार आली की गाडी आधी चांगली तापवून आणायची आणि गरम असतानाच खाली शिरायचं. चामड्याचे हातमोजे घालून लाकडी दांडक्याने पाइप चारही बाजूंना हलवून बघायचा. मागे तर आवर्जून ढकलायचा. कुठे ठक्कन लागतो का? गिअरबॉक्सखालची आडवी पट्टी, एक्सलवरचं वळण, हौद्याचे टेकू, टेलपाइपचं टोक, एवढ्या जागा बघितल्या की बहुतेक गुन्हेगार सापडतात. हँगरमध्ये रबर आहे का तेही बघा. सळई थेट चासीला वेल्ड करून "एकदम मजबूत केलंय" असं सांगणारे वेल्डर अजून आहेत. मजबूत आहे खरं, पण आता चासीच गाते.

सायलेन्सर बदलणं नेहमीच चुकीचं असतं असं नाही, पण काय घेताय ते कळायला हवं. सरळ नळी आणि भोवती लोकर, हा प्रकार वरच्या पट्टीतला कर्कशपणा छान शोषतो. १३३ हर्ट्झची लाट मात्र गरम वायूत साडेतीन मीटरहून लांब असते, तिला दोन-तीन इंच लोकरीचं काही वाटत नाही. त्यातून ती लोकर काही वर्षांत जळून, उडून जाते आणि जो सायलेन्सर "लावला तेव्हा गप्प होता" तो बोलायला लागतो. कप्प्यांचे सायलेन्सर खालच्या सुरांना अडवू शकतात, पण कप्प्यांची मापं तुमच्या सुराशी जुळली तरच. उलट जुळली तर तोच सूर आणखी खुलतो. शक्य तेवढा मोठा, लांब सायलेन्सर घ्या आणि तो केबिनच्या खाली न लावता जमेल तेवढा मागे लावा. माझी आवड एवढीच.

ओव्हरड्राइव्ह बसवून एक्झॉस्टला शिव्या देणं

जुन्या तीन-गिअरच्या ऑटोमॅटिकमध्ये टॉप गिअर १:१. वरच्या उदाहरणातली गाडी १०५ ला २९२० आरपीएमवर ओरडत असते, म्हणून लोक ७००आर४ सारखा चार-गिअरवाला बॉक्स बसवतात. त्याचा चौथा ०.७०, म्हणजे ओव्हरड्राइव्ह: इंजिन शाफ्टपेक्षा हळू फिरतं. आरपीएम येतात २०४५ वर. पेट्रोल वाचतं, इंजिन निवांत फिरतं, आणि सूर १९५ हर्ट्झवरून १३६ वर, म्हणजे नेमका केबिनच्या आवडीच्या जागेजवळ उतरतो. गाडी ढकलायला ताकद तेवढीच लागते, ती आता कमी ठोक्यांत काढायची, म्हणून थ्रॉटल जास्त उघडा आणि ठोका जास्त जोरदार. इंजिन आणि गिअरबॉक्स तेलातून जोडणाऱ्या टॉर्क कन्व्हर्टरचा लॉक-अप लागला, म्हणजे दोघं थेट जोडले गेले, की मधली तेलाची गादीही गेली.

"गिअरबॉक्स बदलायच्या आधी असं नव्हतं, एक्झॉस्टवाल्याने काहीतरी बिघडवलं." नाही हो. त्याने हातही लावलेला नसतो. लॉक-अप कमी वेगाला लागत असेल तर तो थोडा उशिरा लागेल असं करा. एक्सल ३.७३ ऐवजी ४.१० केला तर त्याच वेगाला आरपीएम २२५० च्या आसपास जातात, सूर १५० वर सरकतो. पुष्कळदा तेवढं सरकणं पुरतं. पण गिअरबॉक्स बदलायचं ठरवतानाच हा हिशोब केला असता तर दोन्ही कामं एकदम झाली असती. कागदावर पाच मिनिटं लागतात.

टेलपाइप हौद्याखाली सोडणं

सायलेन्सरनंतर पाइप तिथेच खाली वळवून सोडून द्यायचा, एक्सलवरून न्यायची कटकट नको. वेल्डरचा वेळ वाचतो, तुमचे पैसे वाचतात. मग वर हौद्याचा भला मोठा पत्रा, खाली रस्ता, आणि मध्ये पाइपाचं तोंड. घुमणार नाही तर काय होईल?

घुमारा परवडला, पण धूर परवडत नाही. जुन्या केबिनच्या तळाला गंजाची भोकं असतात, पेडलजवळचे रबर फाटलेले असतात, मागची सरकती काच उघडी असते. पाइपाचं तोंड जवळ असेल तर धूर केबिनमध्ये ओढला जातो. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. डोकं जड होतं, झोप येते, आणि माणूस समजतो प्रवासाचा थकवा आहे. इंजिन आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड यांच्या सांध्यातलं गॅस्केट गळत असेल तरी हाच धोका. पाइप मागच्या चाकामागून बाजूला काढा किंवा बंपरखालून पार मागे न्या. तोंड गाडीच्या कडेच्या बाहेर आलं पाहिजे. यात कोणी माझ्याशी वाद घालू नये.

काही चुका एका ओळीत संपतात. इंजिन फाउंडेशन किंवा केबिनखालचे रबर काढून पॉलियुरेथेनचे कडक बुश घालणं: गाडी घट्ट वाटते आणि सगळी थरथर पाठीत येते. सौम्य इंजिनाला तीन इंची दुहेरी पाइप: बॅरलएवढी पोकळी, बैलाएवढा आवाज, ताकद तेवढीच. साध्या ३५० घन इंची व्ही-८ ला सव्वादोन किंवा अडीच इंची दुहेरी पाइप पुरे. पाइपाला उष्णतारोधक पट्टी गुंडाळणं: घुमाऱ्यावर शून्य परिणाम, पाण्यात भिजून पाइप गंजतो तो वेगळा. टेलपाइपात लोखंडी जाळी, घासणी, तारेची गुंडाळी कोंबणं: याबद्दल मी बोलणारच नाही.

दोन पाइपांमध्ये इंग्रजी एच किंवा एक्सच्या आकाराचा जोड नसेल तर तो टाकून बघा. ठोके वाटले जातात, निम्म्या पट्टीचा तो जडसर सूर खाली बसतो. जोड कुठे टाकायचा याची जुनी युक्ती अशी: पाइपावर साध्या रंगाचा पट्टा मारायचा, गाडी थोडी पळवायची आणि रंग जळायचा थांबतो तिथे जोड टाकायचा. मी मात्र जिथे जागा मिळते तिथे टाकतो. आजवर पस्तावलो नाही.

थंड हवेच्या गणिताने जे-पाइप कापणं

हा माझा दुसरा लाडका विषय. जे-पाइप म्हणजे मुख्य पाइपाला जोडलेली, दुसऱ्या टोकाला बंद असलेली फांदी. तिची लांबी नकोशा सुराच्या लाटेच्या पाव इतकी ठेवायची. लाट आत जाते, बंद टोकावर आपटून परत येते. जाऊन-येऊन अर्ध्या लाटेचं अंतर पडतं, आणि ती मुख्य पाइपात येते तेव्हा तिथल्या लाटेच्या बरोबर उलटी असते. दोघी एकमेकींना खातात. वायूच्या वाहण्याला काहीही अडथळा नाही, ताकद कमी होत नाही. एका ठरलेल्या घुमाऱ्यावर याच्याइतका नेमका उपाय दुसरा नाही. आणि एवढ्या सोप्या गोष्टीची लोक जेवढी वाट लावतात तेवढी दुसऱ्या कशाची लावत नाहीत.

एक तरुण फार उत्साहाने आला होता. घुमारा १३६ हर्ट्झला, हे त्याने व्यवस्थित मोजलेलं होतं. इथवर शाबास. मग त्याने आवाजाचा वेग ३४३ मीटर धरला, चारने आणि १३६ ने भागला, ६३ सेंटिमीटर आले. त्याने बरोब्बर ६३ कापले, टोपी वेल्ड केली, फांदीही वेल्ड केली, ग्राइंडर मारून गुळगुळीत केलं, वर काळा रंगसुद्धा दिला. फरक काडीचा नाही. "जे-पाइप म्हणजे थोतांड आहे," असं त्याचं मत झालं होतं, आणि ते तो सगळ्यांना सांगतही होता.

३४३ हा वेग २० अंशांच्या हवेतला. एक्झॉस्टमधला वायू २० अंशांवर नसतो. २०० अंशांना आवाज सेकंदाला सुमारे ४३६ मीटर जातो, ३०० अंशांना ४८०. त्याच १३६ हर्ट्झसाठी लांबी होते अनुक्रमे ८० आणि ८८ सेंटिमीटर. म्हणजे त्याची फांदी १७ ते २५ सेंटिमीटर तोकडी होती. ती काम करत होतीच, फक्त २५०० आरपीएमच्याही पुढे, जिथे त्याला काही त्रासच नव्हता.

दुसरी चूक जागेची. फांदी त्याने टेलपाइपच्या तोंडापासून हातभर अंतरावर लावली होती, कारण तिथे जागा होती आणि बसून वेल्डिंग करता येत होतं. पाइपाच्या उघड्या तोंडापाशी आवाजाचा दाब जवळजवळ शून्य असतो. फांदी काम करते दाबावर. तिथे लांबी अचूक असती तरी फारसं काही झालं नसतं. सायलेन्सरच्या लगेच मागे किंवा इंजिन आणि सायलेन्सरच्या मध्ये जागा शोधा. दुहेरी एक्झॉस्ट असेल तर दोन्ही पाइपांना एकेक. फांदीचा व्यास मुख्य पाइपाएवढाच. वळवून, मागे दुमडून बसवली तरी चालते, लांबी फक्त मधल्या रेषेवरून मोजा.

फांदीतला वायू वाहत नाही, त्यामुळे तो मुख्य पाइपापेक्षा थंड असतो, आणि किती थंड हे गाडीगणिक बदलतं. म्हणून मी अचूक आकडा शोधतच नाही. ३०० अंशांच्या हिशोबाने लांब फांदी घेतो, तिच्या टोकावर थोड्या मोठ्या व्यासाचा बंद तुकडा सरकता बसवतो आणि क्लँपने आवळतो. मग गाडी रस्त्यावर. फांदी लांब असेल तर शांततेचा कप्पा घुमाऱ्याच्या खाली, कमी आरपीएमला सापडतो. समजा ८८ सेंटिमीटरला तो १९०० वर सापडला आणि तुमचा घुमारा २०४५ वर आहे. मग ८८ ला १९०० ने गुणून २०४५ ने भागा, ८२ च्या जवळ येतात. सरकता तुकडा असल्या मापाला पुरत नसेल तर फांदीच कापा, पुन्हा बसवा, पुन्हा चक्कर मारा. जुळल्यावरच टोपीला वेल्डिंग. लोक नेमकी हीच पायरी गाळतात, कारण मधल्या चकरा मारायचा कंटाळा.

फांदीचं बंद टोक जरा वर ठेवा, म्हणजे आत जमलेलं पाणी मुख्य पाइपात उतरतं. खाली लोंबकळत ठेवली तर पाणी साचून लांबीही कमी होते आणि ती आतून सडते. आणि हा उपाय अरुंद पट्ट्याचा आहे, हे आधीच मान्य करा. १६०० ते २६०० सगळीकडे घुमत असेल तर जे-पाइप तुमच्यासाठी नाही. तुमचं दुसरंच काहीतरी बिघडलंय.

आधी चटया, मग विचार

केबिन पूर्ण उघडी करून कोपऱ्या-कोपऱ्यात ब्यूटाइलच्या (चिकट रबराच्या) चटया चिकटवणारे लोक मेहनती असतात, त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण ती चटई पत्र्याची थरथर मारते. हवेतून येणाऱ्या १३० हर्ट्झच्या लाटेला ती आडवी येऊ शकत नाही. जडपणाने आवाज अडवायचा तर वजन दुप्पट केल्यावर कुठे ६ डेसिबल मिळतात, आणि खालच्या सुरांना मुळातच कमी अडवलं जातं. दाराचे रबर सडलेले आणि फायरवॉलला, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याला, वायरींची उघडी भोकं असताना शंभर किलो चटई चिकटवली तरी आवाज त्या भोकांतून येतोच. आधी भोकं बुजवा.

चटई हवीच असेल तर मागच्या भिंतीला, काचेखालच्या सपाट पत्र्याला लावा. बोटाने ठोकून बघा, डबडब वाजतो तोच पत्रा. त्याचाही मधला भाग, एकूण पाव ते अर्धा झाकला की बहुतेक फायदा मिळून जातो. छपराला ती गच्ची बुजवायची डांबरी पट्टी चिकटवू नका. उन्हात वितळते, वास मारते आणि महिन्याभरात डोक्यावर लोंबते. पुढच्या काचेचं रबर गळत असेल तर जमिनीवर काहीही अंथरण्याआधी ते बदला, नाहीतर पाणी चटईखाली साचून तळ खाईल. आणि मागच्या भिंतीवर पॅनेल बसवायला ड्रिल हातात घेताय तर थांबा. १९६७ ते १९७२ च्या शेव्हर्ले सी-१० मध्ये पेट्रोलची टाकी सीटच्या मागे, केबिनच्या आतच असते. तुमच्या गाडीत ती कुठे आहे ते आधी बघा. असेल तर टाकी रिकामी करून बाहेर काढल्याशिवाय तिथे ना ड्रिल, ना ग्राइंडर, ना वेल्डिंग.